लिनक्स लॅपटॉपची स्क्रीन काळी झाली? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा



लॅपटॉप चालू केला, लोगो आला, थोडा वेळ गोल फिरलं आणि मग स्क्रीन काळी. किंवा डाव्या कोपऱ्यात एक छोटी रेघ लुकलुकतेय आणि पुढे काहीच नाही. किंवा पासवर्ड बरोबर टाकला तरी तो परत पासवर्डच विचारतोय. लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते.

मी देहूत राहतो. एका बाजूला तळवडे, थोडं पुढे चाकणची एमआयडीसी. डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची मुलं, कंपनीत नुकतेच ट्रेनी म्हणून लागलेले, यांच्याकडे बरेचदा सेकंड हँड लॅपटॉप असतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, म्हणून कुणीतरी त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून दिलेलं असतं. मग एक दिवस माझ्याकडे येतात: "दादा, लॅपटॉप गेला. दुकानवाला म्हणतोय फॉरमॅट मारावा लागेल."

फॉरमॅट मारला की लॅपटॉप चालू होतो हे खरं. पण त्यात प्रोजेक्ट, फोटो, बायोडेटा, सगळं जातं. आणि बहुतेक वेळा त्याची गरजच नसते. काळी स्क्रीन म्हणजे लॅपटॉप मेला असं नाही. फक्त चित्र दाखवणारा भाग उठलेला नाही. तो कुठे अडकला हे शोधायचं कसं, ते या लेखात क्रमाने बघू.

उद्याच प्रोजेक्ट जमा करायचा असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. सरळ खाली "डेटा आधी बाहेर काढा" या भागावर जा.

कमांड कशा वाचायच्या?

या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, आपण फोनवर मित्राला सांगतो तशा. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत टाका. वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं छोटी. "डॅश" म्हणजे आडवी रेघ, "स्पेस" म्हणजे मोकळी जागा. दोन शब्दांमध्ये नेहमी एक स्पेस द्या. "सुडो" म्हणजे एस-यू-डी-ओ. हा शब्द आधी लावला की कमांड मालकाच्या अधिकाराने चालते, म्हणून तो पासवर्ड विचारतो. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर बरेचदा काहीही दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. घाबरू नका, टाइप होतंय. टाकून एंटर दाबा.

काळ्या स्क्रीनमागे काय चालू असतं?

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या आतही लिनक्सचाच कर्नल असतो. फरक वरच्या थरांत आहे. लॅपटॉपवर साधारण चार थर एकावर एक उभे राहतात:

१. कर्नल. हा हार्डवेअर ओळखतो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर याच्यासोबत चालतो.

२. बॅकग्राउंडच्या सर्व्हिसेस. नेट, ब्लूटूथ, साउंड वगैरे.

३. लॉगिन स्क्रीन दाखवणारा प्रोग्रॅम. उबुंटूवर त्याचं नाव जी-डी-एम, मिंटवर लाइट-डी-एम.

४. डेस्कटॉप. खिडक्या, आयकॉन, वॉलपेपर. हा एक्स-११ किंवा वेलँड या पद्धतीने स्क्रीनवर काढला जातो. एक्स-११ हे १९८७ चं, वेलँडचं काम २००८ मध्ये सुरू झालं.

पहिले दोन थर ठीक असले आणि तिसरा किंवा चौथा पडला, तर स्क्रीन काळी दिसते पण आत लिनक्स व्यवस्थित चालू असतो. तुमच्या फाइल्स जागेवर असतात. म्हणूनच दुरुस्ती शक्य असते.

आधी या ३ तपासण्या करा

कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतोय-विझतोय का? होत असेल तर कर्नल जिवंत आहे. काही लॅपटॉपवर हा दिवाच नसतो, त्यांनी पुढची तपासणी करावी.

मोबाईलचा टॉर्च लावा. खोलीत अंधार करून टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. अगदी पुसट अक्षरं किंवा आयकॉन दिसले तर चित्र तयार होतंय, फक्त स्क्रीनच्या मागचा दिवा लागत नाहीये. आधी ब्राइटनेस वाढवायचं बटण दाबून बघा. नाहीच झालं तर हा हार्डवेअरचा प्रॉब्लेम आहे आणि फॉरमॅट मारून काहीही उपयोग नाही.

टीव्हीला जोडा. एचडीएमआय केबलने घरातल्या टीव्हीला लावून लॅपटॉप पुन्हा चालू करा. टीव्हीवर दिसलं तर स्क्रीन किंवा तिची केबल संशयित. अशा वेळी टीव्हीवर बघत बघत डेटाही काढता येतो.

नेमकं कुठे अडकलंय?

लक्षण बघा, त्यावरून कारण बरंचसं कळतं.

- लॅपटॉप कंपनीचा लोगोच येत नाही: लिनक्सपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. रॅम, बॅटरी किंवा बोर्डचा प्रश्न. दुकानातच दाखवा.

- काळ्या स्क्रीनवर "इनिट-रॅम-एफ-एस" असं लिहून थांबतो: डिस्क नीट उघडत नाहीये. लाइट गेल्यामुळे मशीन अचानक बंद पडल्यावर हे होतं, किंवा डिस्क खराब होत असते. आधी डेटा काढा, मग दुरुस्ती.

- लोगो फिरतो आणि मग काळं किंवा लुकलुकणारी रेघ: ड्रायव्हर किंवा अर्धवट अपडेट.

- लॉगिन स्क्रीन येते, पासवर्ड टाकला की क्षणभर काळं होऊन परत लॉगिन: डिस्क भरलीय, किंवा तुमच्या खात्यातली एखादी फाइल बिघडलीय.

जो मेसेज दिसेल त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. गुगल लेन्सने त्यातला मजकूर कॉपी करता येतो, मग सर्च करताना चुका होत नाहीत.

मागच्या दाराने आत जा

स्क्रीन काळी असताना कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन बटणही दाबावं लागतं. काळ्या पडद्यावर लॉगिन असं लिहून आलं की समजा अर्धं काम झालं. याला टेक्स्ट कन्सोल म्हणतात. इथे माउस नाही, आयकॉन नाहीत, पण लिनक्स पूर्ण तुमच्या ताब्यात आहे. युजरनेम टाका, एंटर, पासवर्ड, एंटर.

परत ग्राफिकल बाजूला जायला उबुंटूवर एफ१ किंवा एफ२, मिंटवर एफ७, सोबत तेच कंट्रोल आणि ऑल्ट.

आता खास मराठीत लॅपटॉप वापरणाऱ्यांसाठी. तुम्ही सिस्टीमची भाषा मराठी ठेवली असेल, तर या कन्सोलमध्ये मेसेजच्या जागी चौकोन किंवा ठोकळे दिसू शकतात. काही बिघडलेलं नाही. या कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं बसतात आणि जोडाक्षरं, मात्रा जुळवायची सोय त्यात नाही. ते काम ग्राफिकल बाजूला हार्फबझ नावाची लायब्ररी करते. तुमच्या अँड्रॉइड फोनवर मराठी नीट दिसतं, तेही तिच्याच जोरावर.

उपाय सोपा आहे. लॉगिन झाल्यावर सर्वात आधी हे टाका: "एक्स्पोर्ट", स्पेस, मग कॅपिटलमध्ये एल-सी, अंडरस्कोर, ए-एल-एल, बरोबरचं चिन्ह, कॅपिटल सी. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस नको. आता सगळे मेसेज इंग्रजीत येतील आणि वाचता येतील.

कारण १: डिस्क भरली

माझ्याकडे येणाऱ्या "पासवर्ड परत परत विचारतो" या तक्रारीत मी सर्वात आधी हेच बघतो. जुन्या लॅपटॉपला १२८ जीबीची एसएसडी असते. फोन भरला की फोटो आणि व्हिडिओ लॅपटॉपवर टाकायचे, एवढंच आपल्याला माहीत. एक दिवस जागा संपते. डेस्कटॉप सुरू होताना काही छोट्या फाइल्स लिहाव्या लागतात. त्या लिहिता आल्या नाहीत की तो बाहेर फेकला जातो आणि तुम्ही परत लॉगिन स्क्रीनवर.

तपासायला: डी-एफ, स्पेस, डॅश एच. जी यादी येईल त्यात उजव्या टोकाला नुसती तिरकी रेघ असलेली ओळ शोधा. तिथे १०० टक्के दिसलं तर चोर सापडला.

मोकळं करायला: "सुडो ॲप्ट क्लीन". याने जुन्या अपडेटच्या डाउनलोड केलेल्या फाइल्स जातात, तुमच्या फाइल्सना धक्का लागत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर: "सुडो जर्नल-सी-टी-एल", स्पेस, दोन डॅश, व्हॅक्यूम, डॅश, साइझ, बरोबरचं चिन्ह, २०० आणि कॅपिटल एम. यातला शेवटचा भाग सलग, मध्ये स्पेस न देता. यानंतर जुन्या नोंदी २०० एमबीच्या आसपास आटोपतात.

डिस्क पूर्ण भरली असताना सुडोच्या कमांड कशा चालतात, असा प्रश्न पडेल. एक्स्ट-४ या फाइल सिस्टीममध्ये साधारण ५ टक्के जागा मालक खात्यासाठी राखीव असते. ती तुमच्या डेस्कटॉपला मिळत नाही, पण दुरुस्तीच्या वेळी कामाला येते.

आता "सुडो रीबूट". आत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे जड व्हिडिओ पेन ड्राइव्हवर हलवा आणि कचराकुंडी रिकामी करा. नाहीतर आठवड्याने परत तेच.

कारण २: अपडेट चालू असताना लाइट गेली

आमच्या पट्ट्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाणं काही नवीन नाही. सेकंड हँड लॅपटॉपची बॅटरी बरेचदा नावापुरतीच असते. अपडेट अर्ध्यावर असताना लाइट गेली की काही पॅकेजेस नवी, काही जुनी अशी खिचडी होते आणि पुढच्या वेळी डेस्कटॉप उठत नाही.

कन्सोलमध्ये क्रमाने हे टाका:

"सुडो डी-पी-के-जी", स्पेस, दोन डॅश, कॉन्फिगर, स्पेस, डॅश ए. डी-पी-के-जी सलग लिहायचं.

मग "सुडो ॲप्ट इन्स्टॉल", स्पेस, डॅश एफ.

पहिली कमांड अर्धवट राहिलेलं काम पूर्ण करते, दुसरी राहून गेलेले भाग आणते. दुसरीला नेट लागू शकतं. वायफाय चालत नसेल तर फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेथरिंग चालू करा. लिनक्स त्याला केबलचं नेट समजतो आणि बहुतेक वेळा आपोआप जोडला जातो.

दुसऱ्या कमांडने "अमुक पॅकेजेस काढून टाकतो" अशी लांबलचक यादी दाखवली तर लगेच वाय दाबू नका. यादीचा फोटो काढा, एन दाबा आणि जाणकाराला दाखवा.

कारण ३: ग्राफिक्सचा ड्रायव्हर

इंटेल किंवा एएमडीचं ग्राफिक्स असेल तर त्याचा ड्रायव्हर कर्नलसोबतच येतो, त्रास कमी होतो. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्याचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. कर्नल नवीन आला आणि हा ड्रायव्हर त्याच्याशी जुळला नाही की स्क्रीन काळी.

आधी जुना कर्नल वापरून बघा. लॅपटॉप चालू करताना, लोगो दिसताच एस्केप एकदाच दाबा. फार जुन्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा. मेनू आला की "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" मध्ये जा. तिथे दोन तरी कर्नल दिसतील. वरून दुसरा, म्हणजे कमी नंबरचा निवडा. ज्याच्यापुढे रिकव्हरी लिहिलंय तो नको. यावर डेस्कटॉप उघडला तर कारण पक्कं झालं. निवांत फाइल्सचा बॅकअप घ्या, मग पुढे चला.

जुन्यावरही नाही उघडलं, तर त्याच मेनूमध्ये उबुंटूच्या ओळीवर उभं राहून इ दाबा. "लिनक्स" या शब्दाने सुरू होणाऱ्या लांब ओळीच्या शेवटी एक स्पेस देऊन "नोमोडसेट" असं सलग लिहा: एन-ओ, एम-ओ-डी-ई, एस-ई-टी. मग एफ१० दाबा. यात लिनक्स ड्रायव्हरची हुशारी बाजूला ठेवून साध्यासुध्या पद्धतीने चित्र काढतो. सगळं ढोबळ आणि हळू दिसेल, पण दिसेल. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे करून बघायला धोका नाही.

आत गेल्यावर किंवा कन्सोलमधून "सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल" द्या. उबुंटू आणि ड्रायव्हर्स यांच्यामध्ये डॅश आहे. तुमच्या कार्डाला योग्य ड्रायव्हर तो स्वतः निवडतो. लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही असतील तर "सुडो प्राइम-सिलेक्ट इंटेल" दिलं की काम तात्पुरतं इंटेलवर चालतं. कोडिंग, नोट्स, युट्यूबला तेवढं पुरतं.

एक गोष्ट इथे हमखास निसटते. सिक्युअर बूट चालू असेल, तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या वेळी लॅपटॉप चालू होताना निळी स्क्रीन येते आणि त्यात "एनरोल मॉक" निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. ती निळी स्क्रीन थोडाच वेळ थांबते. आपण ती टाळून पुढे गेलो की ड्रायव्हर बसतो, पण चालू होत नाही.

कारण ४: खात्यातली फाइल बिघडली

हे मुख्यतः मिंटसारख्या लाइट-डी-एम वापरणाऱ्या सिस्टीमवर. एखादा खिडकीवाला प्रोग्रॅम सुडो लावून चालवला, की तुमच्या खात्यातली "डॉट एक्स-ऑथॉरिटी" नावाची लपलेली फाइल कधीकधी मालक खात्याच्या नावावर जाते. मग तुम्हालाच ती लिहिता येत नाही आणि लॉगिन गोल गोल फिरतं.

उपाय: फाइल उडवायची नाही, फक्त नाव बदलायचं. "एम-व्ही", स्पेस, डॉट, कॅपिटल एक्स आणि लगेच छोट्या अक्षरांत ऑथॉरिटी, स्पेस, "जुनी" असं इंग्रजी अक्षरांत. पुढच्या लॉगिनला लिनक्स नवी फाइल बनवतो.

उबुंटूवर लॉगिन फिरत असेल तर लॉगिन स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात खाली दात्यांचं चाक दिसतं का बघा. तिथे "उबुंटू ऑन झॉर्ग" हा पर्याय असेल तर तो निवडून आत जाऊन बघा. २५.१० आवृत्तीपासून हा पर्याय काढून टाकला आहे.

डेटा आधी बाहेर काढा

वरचं काही जमलं नाही किंवा वेळच नाही, तर लाइव्ह पेन ड्राइव्ह हा सर्वात भरवशाचा मार्ग. यात लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालतो आणि तुमची डिस्क फक्त उघडून बघतो. कमांड लागत नाहीत.

दुसरा लॅपटॉप नसला तरी चालेल. अँड्रॉइड फोनवर इचड्रॉइड नावाचं मोफत ॲप आहे. लिनक्स मिंट किंवा उबुंटूची आयएसओ फाइल फोनवर डाउनलोड करा, किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह ओटीजी केबलने फोनला लावा आणि ॲपमधून ती फाइल त्यावर लिहा. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.

मग लॅपटॉपला तो पेन ड्राइव्ह लावून बूट मेनू उघडा. कंपनीप्रमाणे एफ१२, एफ९ किंवा एस्केप असतं. मेनूत उबुंटूचा "सेफ ग्राफिक्स" पर्याय दिसतो. साधा चालला नाही तर तो घ्या. पुढे "ट्राय" निवडा, "इन्स्टॉल" नको. या एका शब्दावर सगळं अवलंबून आहे.

डेस्कटॉप आला की फाइल्स उघडा, डाव्या बाजूला लॅपटॉपची डिस्क, त्यात "होम", त्यात तुमचं नाव. मराठी नावाचे फोल्डरही इथे नीट दिसतील. हवं ते दुसऱ्या पेन ड्राइव्हवर किंवा केबलने जोडलेल्या फोनवर कॉपी करा. इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर आधी तो पासवर्ड विचारेल.

या पेन ड्राइव्हचा आणखी एक फायदा. त्यावरून स्क्रीन झकास चालली, तर हार्डवेअर बहुधा ठणठणीत आहे आणि दोष तुमच्या इन्स्टॉलेशनमध्ये आहे, हेही कळलं.

देहूत गाथा इंद्रायणीतून कोरडी वर आल्याची कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो. फॉरमॅट मारलेल्या एसएसडीच्या बाबतीत मात्र असा चमत्कार धरून चालू नका. एसएसडीवर पुसलेल्या जागा लिनक्स मोकळ्या करून टाकतो आणि त्या परत मिळणं फार अवघड असतं.

दुकानात न्यायचाच असेल तर

दुकानदारांवर राग नको. त्यांच्याकडे विंडोजची गिऱ्हाइकं जास्त, लिनक्स कमी. पण देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा, शक्यतो व्हॉट्सॲपवर लिहून: यात लिनक्स आहे, मला विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नका, आणि मी या या तपासण्या केल्यात. "टॉर्च लावल्यावर पुसट दिसतं" हे एक वाक्य तुमचे पैसे आणि त्याचा वेळ, दोन्ही वाचवतं.

नेहमीचे प्रश्न

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने पण काही येत नाही, मग?
जुना कर्नल आणि नोमोडसेट करून बघा. तेही नाही झालं तर लाइव्ह पेन ड्राइव्ह.

पॉवर बटण दाबून बंद केलं तर चालेल का?
शेवटचा उपाय म्हणून. आधी ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून एस, मग यू, मग बी एकामागून एक दाबा, मध्ये दोन-दोन सेकंद थांबून. यात आधी फाइल्स डिस्कवर लिहून होतात, मग मशीन रीस्टार्ट होतं.

नेटवर सापडलेली कमांड टाकू का?
ती काय करते हे दोन ठिकाणी वाचून मगच. "आर-एम" ने सुरू होणारी आणि सुडो लावलेली कमांड असेल तर अजिबात घाई नको.

परत होऊ नये म्हणून काय करू?
अपडेट चार्जर लावून आणि लाइट जाण्याचा वार टाळून करा. डिस्कवर १५-२० जीबी मोकळी ठेवा. प्रोजेक्टची एक प्रत कायम लॅपटॉपच्या बाहेर, ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर असू द्या. आणि एक लाइव्ह पेन ड्राइव्ह आत्ताच, लॅपटॉप चालू असतानाच, बनवून बॅगेत टाका.

हा लेख फोनवर सेव्ह करून ठेवा. लॅपटॉपवर सेव्ह केलात, तर स्क्रीन काळी झाल्यावर तो उघडणार कसा?